भाषणाआधी नावं पाठ कर

वाळपई, सत्तरी
श्रावण

चि. बाय हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण मी दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच तुझी आई फोन ओढून घेते आणि मग जेवलीस का, खोकला गेला का, यातच वेळ संपतो. म्हणून कागद घेतला. ऑक्टोबरात तुझी प्लाटून वर, डोंगरातल्या चौकीवर जायची आहे आणि त्याआधी तू जवानांशी चार शब्द बोलावंस असं तुझ्या सीओ साहेबांनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांनी, सांगितलंय. तू विचारलंस, ‘बाबा, तुम्हाला कुठल्या साहेबाचं भाषण आठवतं? महाराजांचं काहीतरी जोशपूर्ण पाठवा.’

चार दिवस आठवून पाहिलं. एकही भाषण आठवत नाही, बाय. आयुष्याची उमेदीची वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, रंगरूट म्हणून बेळगावला चोर्ला घाट चढून गेलो तो हवालदार होऊनच परतलो. एवढ्या काळात दर महिन्याला सैनिक संमेलन, वर येणाऱ्या-जाणाऱ्या जनरलची भाषणं, पलटणीचा वाढदिवस. सगळं ऐकलं, टाळ्या वाजवल्या. पण कानात काही उरलं नाही. साहेब मात्र एकेक आठवतात, त्यांच्या चालण्याच्या लकबीसकट.

एक साहेब होते, बोलण्यात पटाईत. लांब रूट मार्चच्या आदल्या संध्याकाळी असं बोलले की पोरांच्या अंगावर काटा आला. सकाळी आम्ही पिट्ठू चढवून निघालो आणि दोन वळणांनंतर साहेब जिप्सीतून हात हलवत पुढे गेले. त्यांना खरंच काही काम असेलही. पण त्या दिवसानंतर ते बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतला एक जण हळूच हॉर्नचा आवाज काढायचा. दुसरे साहेब तुझ्याएवढेच, लेफ्टनंट, बोलताना अडखळायचे, हिंदी तर भयंकर. वरच्या चौकीवर ते रात्री फिरतीला यायचे आणि प्रत्येकाला बूट काढायला लावायचे. टॉर्च मारून पायाची बोटं बघायचे. मोजे ओले असले तर तिथंच बदलायला लावायचे, मग पुढच्या पहाऱ्याच्या जागी. आम्ही सुरुवातीला वैतागायचो, त्या थंडीत बूट काढणं म्हणजे काय ते तुला आता कळेल. पण त्या हिवाळ्यात आमच्या चौकीवरून एकालाही बर्फाने बोटं गेली म्हणून खाली न्यावं लागलं नाही. त्या साहेबांनी ‘चला’ म्हटलं असतं तर कुठे हे कुणी विचारलं नसतं.

महाराजांचं पाठव म्हणालीस, तर पाठवतो, पण तुला हवं आहे तसलं नाही. चिपळूणजवळ पागा पावसाळ्यासाठी छावणीला होती, तेव्हा महाराजांनी तिथल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं एक पत्र आहे. हवालदारांना लिहिलेलं म्हणून मी ते मुद्दाम शोधून वाचलं होतं. (तेव्हाचा हवालदार आणि आमचा हवालदार यांत फरक आहे, पण मला आपलं बरं वाटलं.) त्यात तलवार नाही, स्वराज्याची गर्जना नाही. गवत आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरवायची आहे, आत्ताच उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्ही मारल्यासारखी होतील. मग तुम्ही गावात शिराल, कुणाचा दाणा आणाल, कुणाची भाकर, कुणाचं गवत, कुणाची भाजी. कुणबी जीव घेऊन पळतील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर दिव्याची वात येते: रात्री दिवा जळता ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. राज्य उभं करणारा माणूस उंदराने वात नेण्यापर्यंतचा विचार करून ठेवतो. तुझ्या वर नेण्याच्या रॉकेलचा, बॅटऱ्यांचा, मोज्यांचा हिशेब तू असाच स्वतः बसून केलास तर महाराजांचं नाव न घेताही चालेल.

आता आपल्या सत्तरीतली गोष्ट. नाणूसचा किल्ला म्हटलं की राण्यांची पोर्तुगीजांविरुद्धची बंडं एवढं आपण शाळेत शिकतो. दीपाजी राणे, १८५२. पण १८९५ चं बंड कुठून सुरू झालं हे फारसं कुणी सांगत नाही. ते पणजीच्या बराकीतून सुरू झालं. पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, फौजेत नोकरीला असलेल्या मराठा शिपायांना हुकूम आला, आफ्रिकेत मोझांबिकला जा, तिथलं बंड मोडायचं आहे. शिपाई अडले. सप्टेंबरात एका रात्री हत्यारांसकट बराक सोडून ते नाणूसला येऊन बसले, आणि मग राणे त्यांना मिळाले. पोर्तुगालच्या राजाला ते निस्तरायला समुद्रापलीकडून फौज आणि सोबत सख्खा भाऊ पाठवावा लागला. त्या शिपायांना कालपर्यंत कवायत करणारे, सलाम ठोकणारे, पगार घेणारे म्हणून पाकले ओळखत होते. पगारावर माणूस पहारा देतो. परक्या मुलखात, परक्या राजासाठी, आपल्यासारख्याच दुसऱ्या गांजलेल्यांवर गोळी झाडायला त्याला आणखी काही लागतं, आणि ते पाकल्यांकडे द्यायला नव्हतं.

१९६१ चं, गोवा मुक्तीचं, तुला माहीत आहे, दर १९ डिसेंबरला परेड बघतच वाढलीस. पण ते दुसऱ्या बाजूने बघ. आता तू स्वतः हुकूम देणार आहेस, म्हणून सांगतो.

१४ डिसेंबरला लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश आला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याच्याकडे. तह नको, कैदी नकोत. आमचे सैनिक आणि खलाशी एक तर जिंकलेले असतील नाहीतर मेलेले. निदान आठ दिवस झुंजा म्हणजे जगात आरडाओरडा करायला सवड मिळेल, असा हिशेब. वासालोकडे माणसं तीन हजारांहून थोडी अधिक. लढाऊ विमान एकही नाही. समोर आपली १७ वी इन्फंट्री डिव्हिजन, ५० पॅरा ब्रिगेड, वर हवाईदल, समुद्रात नौदल. रणगाड्यांविरुद्धच्या दारूगोळ्यासाठी त्यांनी सांकेतिक शब्द ठेवला होता ‘शोरिसू’, आपण चोरिस म्हणतो ते डुकराच्या मांसाचे सॉसेज, आणि लिस्बनने खरोखरचे चोरिस धाडले, अशी गोष्ट अजून सांगतात. खरी असो नसो, गोव्यात ती एवढी का टिकली ते उघड आहे.

१८ तारखेला पहाटे आपली फौज आत शिरली. १९ च्या रात्री वासालोने वास्कोत शरणागतीवर सही केली. त्याने ती पोरं मरू दिली नाहीत. पाकल्यांच्या राज्याचा मला काडीइतका कळवळा नाही, माझ्या आजोबांनी त्यांचे फटके खाल्लेत. पण त्या एका सहीबद्दल मी त्या माणसाला मानतो. मे १९६२ मध्ये त्याचे सैनिक परत गेले तेव्हा स्वतःच्या देशात त्यांचं स्वागत पोलीस पहाऱ्यात झालं. जनरलला फौजेतून काढून टाकलं. १९७४ मध्ये तिकडची राजवट उलथली तेव्हा कुठे त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये तो पाहुणा म्हणून गोव्यात येऊनही गेला.

आता कुणी म्हणेल, पाकले भित्रे होते. तसं नव्हतं. त्यांचं जुनं जहाज ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ १८ तारखेला आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटींशी लढलं. जुनाट तोफा, तरी लढलं. कप्तान जखमी होऊन पडला, जहाजावर गोळे बसत राहिले, तेव्हा ते खलाशांनी किनाऱ्याला नेऊन रुतवलं. असं लढण्याचं कारण साधं आहे: कप्तान त्याच डेकवर होता. मरा म्हणणारा माणूस हजारो मैल लांब खुर्चीत बसला होता. आपल्या बाजूला आग्वादच्या किल्ल्याशी मेजर शिवदेव सिंग सिद्धू पुढे होते, आणि तिथंच पडले.

एवढं सांगूनही घोषणा, झेंडे, टोप्या सगळं फोल आहे असं मी म्हणणार नाही. पॅरा ब्रिगेड पणजीच्या तोंडाशी आली तेव्हा ब्रिगेडियर सगत सिंग यांनी जवानांना लोखंडी शिरस्त्राणं उतरवून लाल बेरे घालायला लावल्याचं सांगतात. खरं तर डोक्यावर लोखंडच हवं. पण त्या बेऱ्यासाठी प्रत्येकाने विमानातून उड्या मारल्या होत्या, तो त्यांचा स्वतःचा होता. त्यातली दुसरी पॅरा, मराठ्यांची, साखळी-उसगावच्या वाटेने फोंड्याकडे गेली. वाटेत लोक फुलं घेऊन उभे होते असं आजोबा सांगायचे. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ मीही घसा फुटेस्तोवर ओरडलोय. ती घोषणा शेवटच्या शंभर मीटरांसाठी असते. त्याआधीचे सगळे मैल चहा वेळेवर येण्यावर आणि छुट्टी मंजूर होण्यावर चालतात.

छुट्टीचं नीट ऐक, कारण तुझं अर्धं काम तिथं आहे. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस कॅज्युअल. कागदावर. पण कुणाला कधी, हे तुझ्या सहीवर. आमच्या पलटणीत बहुतेक मराठे, त्यामुळे गणपतीला सगळ्यांनाच घरी जायचं असायचं. आमच्या घरी चवथीला माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार करायला पुरुषमाणूस लागतो, रानातली फळं कोण आणणार. मी कितीदा गेलो नाही ते तुझ्या आईला विचार. तुझं सिग्नल्सचं, म्हणजे संदेशवहनाच्या पलटणीचं, बरं आहे, मिसळ माणसं आहेत. बिहारी पोराला छठ पाहिजे, मल्याळ्याला ओणम, बंगाल्याला पूजा. वर जायच्या आधीच वही घालून बस आणि प्रत्येकाला विचार, तुझ्या घरी कुठला दिवस चुकला तर आई रडते. तो दिवस सगळ्यांना देता येणार नाहीच. ज्याला नाही म्हणायचं त्याला स्वतः बोलावून सांग, नोटीस बोर्डावर वाचायला लावू नकोस.

दुसरं, अर्ज. कुणाची जमीन चुलत्याने लाटली, कुणाच्या बापाला हॉस्पिटलात बेड नाही, कुणाच्या बहिणीला गावात त्रास. जवान रात्री पहाऱ्यावर उभा असतो तो शरीराने. माझ्या भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, हद्दीचा तंटा चालू होता तेव्हा कंपनी कमांडर साहेबांनी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. त्याने निकाल लागला नाही, तंटा पुढे वर्षानुवर्षं चालला. पण साहेबांनी सर्व्हे नंबर मला दोनदा विचारून नीट लिहून घेतला होता, ते मी विसरलो नाही.

तू बाई आहेस म्हणून पहिले काही दिवस ते बघत राहतील. आवाज जाड करू नकोस, शिव्या शिकू नकोस. त्यांना त्या तुझ्यापेक्षा चांगल्या येतात. केबल टाकायला निघाल तेव्हा एक ड्रम तूही ओढ, पण रोज नको, रोज केलंस तर तो तमाशा होतो आणि त्यांचं काम हिसकावल्यासारखं होतं. आणि तुझ्या सुभेदार साहेबांना जप. त्यांची नोकरी तुझ्या वयाएवढी असेल. चारचौघांत त्यांना कधी दुरुस्त करू नकोस. एकट्याने बसवून विचार, ‘साहेब, मी काय चुकतेय?’ पहिल्यांदा ‘कुछ नहीं, मॅडम’ म्हणतील. दुसऱ्यांदाही तेच. तू विचारत राहा.

डेहराडूनच्या चेटवुड हॉलमधली ती तीन वाक्यं तुलाही घोटवली असतील: देश आधी, मग तुझी माणसं, आणि तुझा आराम सगळ्यांत शेवटी, नेहमीच. पहिलं वाक्य पाळणारे साहेब मी भरपूर पाहिले. दुसरं पाळणारेही. खालून बघणाऱ्या माणसाची नजर तिसऱ्यावर असते. लंगरमध्ये भाजी कमी पडली की साहेबांची थाळी कोणत्या वेळी आली, हे कुकपासून पहाऱ्यावरच्या संतरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

भाषणाचं म्हणशील तर असं कर. वर कुठे जायचं, किती दिवस, खाली यायची पाळी कशी लागेल, कुणी आजारी पडला तर हेलिकॉप्टर कुठं उतरतं, घरी फोन कधी लागेल, एवढं साध्या हिंदीत सांग. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हण. पाच मिनिटांत संपेल. मग खाली उतर आणि चहा घे त्यांच्याबरोबर. नावं तोवर पाठ हवीत, गावांसकट.

आई म्हणते, कोकमाची सोलं आणि सुकी सुंगटं (कोळंबी) पाठवते. सुंगटांचा वास सगळ्या बराकीत सुटेल, मी सांगून पाहिलं, ऐकत नाही. पार्सलसाठी युनिटचा पत्ता नीट लिहून पाठव, मागच्या वेळी पिनकोड चुकला होता. सुभेदार साहेबांचं गाव कुठलं तेही कळव. चवथीला छुट्टी मिळत असेल तर विमानाने मोप्याला उतरतेस की दाबोळीला, ते आधी सांग, त्याप्रमाणे गाडीचं बघतो. मिळत नसेल तर उगाच मागू नकोस, तुझ्या कुणा पोराला दे.

तुझा
बाबा