दिवे घाटातल्या त्या काकांना आणि इतरांना

गेल्या रविवारी कॅमेरा घेऊन सासवडला निघालो होतो. दिवे घाटात तेरडा फुललेला, खाली मस्तानी तलाव. थांबलो नसतो तरच नवल! गुडघ्यावर बसून फुलं टिपली आणि उठल्यावर लक्षात आलं, लेन्सचं झाकण गायब. शेळ्या राखणाऱ्या काकांनी काठीने गवत हळूच बाजूला सारत दहा मिनिटांत ते शोधून दिलं. फूल एकही मोडलं नाही. (मी मात्र दोन तुडवली होती.) चहाला चला म्हटलं, तर म्हणाले, "शेळ्या कोण बघणार, तुम्ही?"

पुढे कऱ्हेकाठच्या संगमेश्वराला एका आजींनी, "आत्ता नको, ऊन उतरू दे, मग नंदी बघ," म्हणून चक्क पायरीवर बसवून ठेवलं. खरंच, तिरप्या उन्हात नंदीच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा एकेक मणी उठून आला. दिवसातला तोच एक फोटो धड आलाय.

परतताना पंक्चर झालेली स्कूटर हडपसरपर्यंत टेम्पोत घालून आणणाऱ्या दादांनी पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. तिघांचेही मनापासून आभार. आजी, फोटोची प्रत घेऊन येतोय.