अक्का, तुम्ही फोन ठेवला नाहीत

प्रिय अक्का,

हे पत्र चार लोकांसमोर लिहितेय, कारण मदत मागायलाही मी चार लोकांसमोरच गेले होते आणि तेव्हा कुणी धड उत्तर दिलं नव्हतं.

आमच्या ऑफिसात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं. ऑर्डर, स्टॉक, डिस्पॅच अशी तीन ॲप, आणि तिन्हींत बटण वेगळं, टेबल वेगळं. म्हणून सगळ्यांना मिळून एकच कंपोनंट लायब्ररी, म्हणजे बटण-टेबलासारख्या तयार भागांचा एकच संच, करायचं ठरलं. बाहेरच्या एका सल्लागारानं भरपूर पैसे घेऊन एक तयार फोल्डर देऊन ठेवलं होतं. त्यातलं साधं बटण दिसायचं. ड्रॉपडाउन ठेवला की ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ अशी एरर देत अख्खं पान कोसळायचं. त्यांना विचारलं तर म्हणे, डॉक्युमेंटेशन वाचा. दुसऱ्या एका जाणत्यानं लिंक पाठवली आणि माझे मेसेज बघणंच सोडलं. तिसरा म्हणाला, सोलापुरात बसून लायब्ररी कशाला करता, तयार घ्या की. ते वाक्य अजून खुपतं.

तुम्ही मात्र फोनवर एवढंच म्हणालात, “‘एनपीएम एलएस रिॲक्ट’ टाईप कर बरं, काय दिसतंय?” त्या कमांडच्या यादीत रिॲक्ट, म्हणजे ज्यावर आमची पानं बनतात ते साधन, दोनदा दिसत होतं: ॲपचं व्हर्जन १८, आणि लायब्ररीनं सोबत आणलेलं १७. पान चालवणारं रिॲक्ट एक आणि ड्रॉपडाउनमधले हुक, म्हणजे रिॲक्टकडून काम करून घेणारी फंक्शन्स, हाक मारत होते भलत्यालाच. सल्लागारानं ते डिपेंडन्सीजमध्ये, म्हणजे लायब्ररीनं स्वतःसोबत आणायच्या यादीत, टाकलं होतं. पीअर डिपेंडन्सीजमध्ये, म्हणजे ॲपकडून घ्यायच्या यादीत, असतं तर लायब्ररीनं ॲपचंच वापरलं असतं. हे मला कुणीही दोन मिनिटांत सांगू शकलं असतं.

मग तुम्ही म्हणालात, जुनं राहू दे, नवा सांगाडा उभा करू. त्यासाठी ‘एनपीएम क्रिएट व्हीट’ ही एका ओळीची कमांड; व्हीट हे नवा प्रोजेक्ट उभा करून देणारं टूल. पुढचं टूलच विचारत जातं. ते इथं लिहीत बसत नाही. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. इन्स्टॉल सुरू झालं आणि आमचं नेट नेहमीसारखं रडायला लागलं. मी म्हणाले, “अक्का, तुम्ही ठेवा, झालं की कळवते.” तुम्ही म्हणालात, “असू दे, मी आहे.”

आणि खरंच थांबलात. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पोरं हाका मारत होती, त्यांना तुम्ही तेलुगूत “आगु, आगु” म्हणत होतात. तेवढ्या वेळात एकेक फाइल उघडायला लावून मला विचारलंत, ही कशाला असेल, सांग. हा सांगाडा मुळात वेबसाइटचा असतो. लायब्ररी करायची तर बिल्ड, म्हणजे कोड वापरायला तयार करणं, ‘लायब्ररी मोड’मध्ये न्यायचं आणि रिॲक्ट ‘एक्स्टर्नल’, म्हणजे बाहेरच, ठेवायचं, हे मला त्या थांबण्यात समजलं. डॉक्युमेंटेशन मी आधीही वाचलं होतं. तेव्हा सोबत कुणी नव्हतं.

तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्याच, विणकरांच्या वस्तीतल्या, तुम्हाला काय सांगायचं? माझे वडील यंत्रमागावर होते. नवा पोरगा कामाला लागला की जुना कारागीर त्याच्या मागाशी येऊन उभा राहायचा, धागा तुटला तर गाठ त्यालाच मारू द्यायचा. तेवढा वेळ कारागिराचा स्वतःचा माग बंद, म्हणजे मजुरी बुडाली. तरी उभा राहायचा. मोठमोठी पदं मिरवणाऱ्यांना हे एकदाही सुचलं नाही. त्याचा राग नाही म्हटलं तर ते खोटं होईल.

लायब्ररी आता तिन्ही ॲपमध्ये चालतेय. ऑर्डर घेताना कारखान्यातली माणसं तोच ड्रॉपडाउन वापरतात. टेबलचं काम बाकी आहे, त्यासाठी तुम्हाला त्रास देणारच आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला आलात की जेवायला आमच्याकडेच यायचं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आईनं कबूल केलीय. पोरांनाही आणा, त्या दिवशी माझ्यामुळे त्यांचं जेवण लांबलं होतं.

तुमचीच,
अक्कलकोट रोडवरची धाकटी बहीण