'मोअर' कुठे आणि 'इआर' कुठे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. घरची खुशाली दोन ओळींत उरकलीस आणि पानभर भांडलास ते इंग्रजी विशेषणांशी! पण तुलना करताना 'टॉल'च्या शेवटी इआर (er) लागतो तर 'ब्यूटिफुल'ला का नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' उचलतो. 'उंच' तो 'उंच'च राहतो. फार तर आधी 'जास्त' जोडायचं. हे 'जास्त'च नडतं. मनात 'माझ्यापेक्षा जास्त उंच' असतं, म्हणून तोंडातून 'मोअर टॉलर' निघतं. गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या काळात अशी दुहेरी रूपं खुशाल चालायची. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्याने आपल्या व्याकरणात त्यांना अशुद्ध ठरवलं, आणि मास्तरांना लाल शाई मिळाली.

तू शब्द मोठ्याने उच्चारून बघ. एका झटक्यात संपला तर इआर: टॉलर, स्मॉलर. 'बिग', 'हॉट' यांत शेवटच्या एकट्या व्यंजनाआधी एकच स्वर आहे, म्हणून ते व्यंजन दोनदा लिहायचं. 'हॅपी'सारख्या दोन तुकड्यांच्या शब्दात 'वाय'चा 'आय' होऊन इआर लागतो. तीन तुकडे झाले की बहुतेक वेळा मोअर. बाकीच्या काही दोन तुकडेवाल्यांत खुद्द इंग्रजांचंही एकमत नाही. 'क्लेव्हरर' चालतं तसं 'मोअर क्लेव्हर'ही. तिथे डोकं शिणवू नकोस. 'टायर्ड', 'बोअर्ड' मात्र आखूड असूनही मोअरच मागतात, कारण ती मुळात क्रियापदांची रूपं.

'गुड'चं 'बेटर', 'बॅड'चं 'वर्स' हे सरळ पाठ कर. 'सीनिअर', 'ज्युनिअर' तर लॅटिनमधून येतानाच तुलनेचं रूप घेऊन आले. त्यांच्यापुढे 'दॅन' नाही, 'टू' येतं. आमच्या ऑफिसात 'सीनिअर टू मी' सगळेच बिनचूक बोलतात, पण कारण विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही!

आणखी एक. 'माझ्यापेक्षा खूप मोठा' म्हणताना 'व्हेरी बिगर' नको, 'मच बिगर' म्हण. 'व्हेरी' फक्त साध्या 'बिग'ला.

पुढच्या पत्रात तुमच्या दोन्ही म्हशींवर इंग्रजीत पाच ओळी लिहून पाठव. थोराड कोणती, गरीब कोणती, लाथाडणारी कोणती, सगळं आलं पाहिजे. मोअर निदान एकदा तरी लागेल असं बघ. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय