साठ ग्रॅमचा अंक

महोदय,

वृत्तपत्रांच्या अर्थकारणाची चर्चा निघाली की जाहिराती आटल्याचे बोलले जाते. अंकाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मोठ्या आकाराचा सोळा पानी अंक काट्यावर ठेवा, साधारण ६० ग्रॅम भरेल. कागद किलोला ६० रुपये धरला तर नुसत्या कागदाचे ३ रुपये ६० पैसे झाले. पाच रुपयांच्या अंकावर एजंट आणि विक्रेत्याचे मिळून ३५ टक्के कमिशन धरले तर आणखी पावणेदोन रुपये. म्हणजे शाई, छपाईच्या प्लेटा, गठ्ठे पोचवणारी रात्रीची टॅक्सी आणि पगार धरायच्या आधीच अंकामागे ३५ पैसे खोट. वर्षाच्या ३६० अंकांवर एका वर्गणीदारामागे १२६ रुपये. हा खड्डा जाहिरात भरत होती. ती आटली असताना बादली भेट देऊन खप वाढवणे म्हणजे पदरमोड करून रद्दी वाटणेच.

आता ४९९ रुपयांची वार्षिक ऑनलाइन वर्गणी घ्या. छापील अंकाला जीएसटी नाही, ऑनलाइन वर्गणीला १८ टक्के आहे (हा न्याय अजब आहे, पण आहे). तो वजा जाता ४२३ रुपये उरतात. ऑनलाइन पैसे वळते करून देणाऱ्या पेमेंट गेटवेचे दोन टक्के गेले तरी ४१३ हाती राहतात, आणि वाचक वाढला म्हणून कागद लागत नाही.

गळती होते ती नूतनीकरणात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खात्यातून आपोआप पैसे वळते होण्यापूर्वी २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. मासिक वर्गणी असेल तर ‘रद्द करा’ म्हणण्याची संधी वर्षातून बारा वेळा मिळते. म्हणून वार्षिकच ठेवावी. वसुलीची तारीख महिनाअखेरीला नको, पगार झाल्यावर, पाच-सात तारखेला असावी. कार्डाची मुदत संपली, खात्यात शिल्लक नव्हती, अशा कारणांनी पैसे अडले तर लगेच कुलूप लावू नये. आठवडाभर अंक चालू ठेवून दोनदा पुन्हा प्रयत्न करावा.

कुलूप कोणत्या मजकुराला लावायचे, म्हणजे काय फक्त वर्गणीदारालाच वाचू द्यायचे, हा खरा प्रश्न. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये महिन्याला वीस लेख मोफत ठेवून सुरुवात केली आणि वर्षभराने ते दहावर आणले. मराठी दैनिकाला ही नक्कल जमणार नाही. दिल्लीची बातमी सगळीकडे फुकट आहे. नगरपालिकेच्या निविदा, पाणीयोजनेचे रखडलेले बिल, जिल्हा बँकेचा ताळेबंद हे मात्र दुसरीकडे नीट मिळत नाही. पण ते आणणारा तालुक्याचा वार्ताहर जाहिरातीच्या कमिशनवर जगतो आणि नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरण्यात त्याचा महिना जातो. त्या पुरवणीला वाचक ४९९ रुपये कशाला देईल? आधी वार्ताहराला ठरलेले मानधन, मग कुलूप, असा क्रम हवा.

ई-पेपरची पीडीएफ पहाटे व्हॉट्सॲपवर फिरते, ही तक्रार खरी आहे. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका दैनिकाच्या अर्जावर टेलिग्रामला असे चॅनेल हटवायला सांगितलेही होते. पण रोज कोर्टात कोण जाणार? पूर्ण अंक डाउनलोड करण्याची सोय काढून टाकावी, पानावर वर्गणीदाराचा क्रमांक फिकट छापावा. फिरवणारा दहादा विचार करतो.

आणि विक्रेत्याला विसरू नये. दर महिन्याला बिलासाठी दारात उभा राहणारा तोच एक माणूस वृत्तपत्राकडे आहे. त्याने मिळवून दिलेल्या ऑनलाइन वर्गणीमागे त्याला ५० रुपये दिले तरी ३६३ उरतात.

आपला,
एक वर्गणीदार, सांगली