कुडचडेकरांना सोयीच्या वेळेची गाडी हवी

महोदय,

गोव्यातले सावर्डे-कुडचडे स्थानक ज्या मार्गावर आहे तो मुरगाव ते कर्नाटकातील कॅसलरॉक हा रेल्वेमार्ग कोकण रेल्वेपेक्षा शंभरहून अधिक वर्षांनी जुना, हे आपल्या नव्या पिढीतील कितीजणांना ठाऊक असेल? १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. त्यातून मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्यासाठी हा मीटर गेज (रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग आखला गेला आणि १८८० च्या दशकाअखेरीस त्यावरून गाड्या धावू लागल्या. दूधसागरजवळचा घाट फोडणाऱ्या मजुरांची नावे कुठेच कोरलेली नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉड गेज (रुंद रुळांचा) झाला. आज तो दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे.

आमचे मागणे मात्र आजचे आहे. सकाळी मडगाव-वास्कोला नोकरीला, कॉलेजला जाणाऱ्यांना आणि संध्याकाळी परतणाऱ्यांना सोयीची पॅसेंजर मिळाली, तर बसमधली चेंगराचेंगरी आणि तिकिटाचा खर्च दोन्ही वाचतील. कुळे, काले, चांदर इथल्या लोकांनाही तिचा उपयोग होईल. खनिजाच्या मालगाड्यांसाठी हा रूळ जसा मोलाचा ठरला, तसा तो रोज प्रवास करणाऱ्यांसाठीही व्हावा. वेळापत्रक ठरवण्याआधी रेल्वेने स्थानिक प्रवाशांना विचारावे. शिवाय स्थानकावर मार्गाचा इतिहास सांगणारा फलक मराठी व कोकणीत लावावा, त्यात मजुरांचाही उल्लेख असावा.

— एक प्रवासी, कुडचडे