कंबर, पट्टा आणि आपली पुरवणी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला कंबरदुखीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा उभ्याने, कारण रागाने बसवेना. 'महिनाभर सक्त विश्रांती आणि वाकणे कायमचे बंद' हे वाक्य आपण खास चौकटीत छापलं आहे. असल्याच एका वाक्यापायी माझे अकरा महिने गेले, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीसाठी (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या मांडवासाठी) नारळांचा घड उचलताना कंबरेत उसण भरली. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी एमआरआय उजेडात धरला आणि म्हणाले, "पन्नाशीत सत्तरीचे मणके झालेत. यापुढे वाकलात तर पाय गमवाल." दुखणं दहा दिवसांत निम्म्यावर आलं. ते वाक्य मात्र डोक्यातून उतरलं नाही. बादली बायकोने उचलायची, चप्पल मुलाने पुढे ठेवायची. फाटकाशी दिसेल तो विचारी, "पेंकट कशें आसा?" (कंबर कशी आहे?) आणि विचारलं की दुखायचंच. एकदा घरात कुणी नसताना कपाटाची किल्ली खाली पडली. ती पायाने सरकवत भिंतीपर्यंत नेली आणि मुलगा येईपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहिलो. माणूस अपंग होतो तो असा, हळूहळू, घरच्यांच्या मायेत.

ऑफिसने उरलंसुरलं पूर्ण केलं. अर्धा दिवस टेबलाचं काम द्या म्हटलं, तर उत्तर आलं, पूर्ण फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर घरीच बसा. बसलो!

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. तिने एमआरआयची पिशवी उघडलीसुद्धा नाही. झोप लागते का, साहेबांशी पटतं का, नेमकी कशाची भीती वाटते, आणि हे कधी बरं होईल असं तुम्हालाच वाटतं का, एवढंच विचारलं. मग स्वतःची किल्ली जमिनीवर टाकून म्हणाली, "उचला काका. दुखेल, पण काही मोडणार नाही." घामाघूम होऊन उचलली. महिन्याभरात कामावर होतो.

तिचे प्रश्न मनचे नव्हते. 1997 साली न्यूझीलंडमध्ये या गोष्टींना 'पिवळे झेंडे' असं नाव मिळालं. ताजं दुखणं तीन महिन्यांपलीकडे रेंगाळून माणसाला घरी बसवणार का, याच्या त्या खुणा: हालचालीची धास्ती, मनाची उदासी, 'आता संपलं सगळं' हा समज, कामावरची नाराजी, नुसतं पडून राहणं. लाल झेंडे वेगळे. लघवी अडकणं, मांड्यांच्या आतली बाजू बधिर होणं, पायातली ताकद जाणं, ताप, आधीचा कॅन्सर, यांत तडक हॉस्पिटल गाठायचं, तिथे माझं काही म्हणणं नाही. (आमच्या किनाऱ्यांवरच्या झेंड्यांशी गल्लत नको, तिथे लाल-पिवळ्यांच्या मध्येच पोहायचं असतं.) मणक्यांच्या झिजेचं म्हणाल तर 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांपैकी 80 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. आणि विश्रांती? 1995 साली हेलसिंकीच्या 186 नगरपालिका कर्मचाऱ्यांचे तीन गट करून पाहिलं. दोन दिवस अंथरुणावर पडणारे मागे राहिले, झेपेल तशी रोजची कामं करत राहणारे सर्वांत लवकर सावरले. तिथे दोन दिवसांनी फरक पडला, आपण महिना सांगता.

लेखाच्या शेजारीच कंबरपट्ट्याची पाव पानाची जाहिरात होती. योगायोग असेल. आमच्या घरी असले तीन पट्टे पडून आहेत, लेखकमहाशयांना हवे असतील तर पाठवून देतो, टपालखर्च माझा.

आपला,
डिचोलीचा एक जुना वाचक
(नाव छापू नये, ऑफिसातले ओळखतील.)

ता. क. अंथरुणावरच्या त्या महिन्यांत आपलं शब्दकोडं हाच विरंगुळा होता, ती सवय अजून आहे. गेल्या दोन्ही रविवारी एकच कोडं छापलं गेलंय, आणि काल आलेली उत्तरं तिसऱ्याच कुठल्यातरी कोड्याची आहेत.