घर बघायला रविवारी येऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी आम्हा इस्टेट एजंटांची चांगलीच हजेरी घेतली. कुलूप उघडून दिवे लावून दाखवण्यापलीकडे आम्ही काही करत नाही आणि तेवढ्यासाठी टक्केवारी मागतो, असा त्यांचा मुद्दा. पत्र झणझणीत होतं, मी दोनदा वाचलं. त्याला उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसले आणि लिहिता लिहिता वेगळंच काही सांगावंसं वाटू लागलं.

मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याजवळ हा व्यवसाय करते. सुरुवात भाड्याच्या खोल्यांनी झाली. वडगाव, नऱ्हे, आंबेगावच्या कॉलेजांतली मुलं, त्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन आणि मालकांचं ते ठरलेलं ‘नॉनव्हेज चालणार नाही’. आता रिसेल आणि नवे प्रकल्पही करते. वहीत चार मालकांचे नंबर आहेत म्हणून कुणीही एजंट व्हावं, ते दिवस गेले. २०१७ पासून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. एकट्या व्यक्तीसाठी तिची फी १० हजार रुपये, मुदत पाच वर्षं. २०२३ पासून त्यात प्रशिक्षण आणि परीक्षा आली. पन्नाशी ओलांडल्यावर मीही त्या परीक्षेला बसले. केंद्रावर एका मुलानं मला पर्यवेक्षक समजून स्वतःची जागा कुठे आहे ते विचारलं. पास झाले, तेही सांगून टाकते. कुलूप उघडण्याबद्दल एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. आमचा खरा धंदा शनिवार-रविवारी होतो आणि त्यातही रविवारी दुपारनंतर. पार्टी, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, सकाळी सिंहगडावर जाते. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, कांदाभजी असं सगळं यथास्थित होतं. उतरताना खडकवासल्याला भाजलेलं कणीस. मुलं गाडीत पेंगुळलेली असतात, बुटांना लाल चिखल असतो, नवरा-बायको खुशीत असतात आणि मग कुणीतरी म्हणतं, इकडेच घर घेतलं तर? रस्त्याच्या कडेला फलक असतातच, ‘गडाच्या कुशीत’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. चार-साडेचारला फोन येतो, आहात का ऑफिसात?

मी असतेच. चहा होतो, साइटवर जातो. सँपल फ्लॅटमध्ये एसी लावलेला असतो. खोल्यांना दारं नसतात, पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड असतात आणि एका भिंतीला आरसा असतो, त्यामुळे वनबीएचकेसुद्धा प्रशस्त वाटतो. मग बाल्कनी. तिथून गडावरचा दूरदर्शनचा टॉवर दिसला की माझं बोलणं बंद झालं तरी चालतं. बहुतेक वेळा साहेबच बाईंना दाखवतात, ‘ते बघ, सकाळी आपण तिथे होतो.’ चेकबुक काढायला लावणारं याहून मोठं वाक्य मी या धंद्यात ऐकलेलं नाही.

पण रविवारी दुपारी दिसतो तो सिंहगड रस्ता इथे राहणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. सुट्टीच्या दिवशी ऑफिसची गर्दी नसते. राजाराम पुलापासून फनटाइम थिएटरकडे येणाऱ्या नव्या उड्डाणपुलावरून गाडी सुळकन येते. पार्टी घड्याळ बघते आणि मनात नोंद करते, स्वारगेटपासून इतकीच मिनिटं. हीच मंडळी मंगळवारी सकाळी नऊ वाजता धायरी फाट्यावर उभी राहिली तर त्यांना शाळांच्या बस, खडीचे डंपर आणि पाण्याचे टँकर एकमेकांत अडकलेले दिसतील. मध्ये हेल्मेट घालून हताश बसलेले दुचाकीवाले. पूल झाल्याने फरक पडला, तो मी नाकारत नाही. पण पुलावरून उतरलेल्या गाड्यांना पुढे रस्ता तोच आहे.

टँकरचा उल्लेख आलाच आहे, तर पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात, हे आपल्याच पहिल्या पानावरच्या चौकटीमुळे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. धरणाच्या भिंतीजवळ उभं राहून फोटो काढणाऱ्या माणसाला वाटतं, इथे घर घेतलं की पाण्याची ददात नाही. प्रत्यक्षात धायरी २०१७ मध्ये पूर्णपणे महापालिकेत आली. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी आणि खुद्द खडकवासला गाव २०२१ मध्ये आलं. हद्द एका आदेशाने बदलते, जलवाहिन्या आणि शुद्धीकरणाची व्यवस्था व्हायला वर्षं लागतात. मधल्या काळात विहीर, बोअर आणि टँकर. उन्हाळ्यात समोर धरण आणि दारात टँकर अशा सोसायट्या मी रोज बघते.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण याच पट्ट्यात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशीकडे, मोठ्या संख्येने आढळू लागले आणि पाण्याचा विषय राज्यभर गाजला. त्या दिवसांत मला येणाऱ्या फोनचा सूरच बदलला. दर किती, पार्किंग मिळेल का, हे मागे पडलं. पाणी कुठलं, गाळलेलं आहे का, टाकी शेवटची कधी धुतली, असं लोक पहिल्याच वाक्यात विचारू लागले. भाडेकरू घरमालकांना आणि घरमालक मला विचारत होते. मला ते प्रश्न आवडले, कारण ते नेहमीच विचारायला हवेत. त्या वर्षी पाडवा आला ३० मार्चला आणि योगायोगाने तो रविवार होता. पण बुकिंगला आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न पुन्हा जुनाच, गड दिसणारा फ्लॅट कितव्या मजल्यापासून मिळेल?

मुठा नदीकडच्या बाजूला वेगळी गंमत आहे. तिथे ‘रिव्हर व्ह्यू’चे जास्तीचे पैसे लागतात. २५ जुलै २०२४ च्या पहाटे नदीकाठच्या एकतानगरीतल्या लोकांनी तो व्ह्यू तळमजल्यावर बघितला. खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग त्या दिवशी ३५ हजार क्युसेकपर्यंत (सेकंदाला तितके घनफूट) गेला होता. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, माणसांना बोटीतून काढावं लागलं. एरवी धरणाचे दरवाजे उघडले की शहरातून लोक ते बघायला येतात, पण ते पाणी पुढे कुणाच्या जिन्यात शिरेल, हा प्रश्न सहलीत कुणाला पडत नाही. जुन्या पुणेकर आजी-आजोबांना मात्र पडतो. परवा एक आजोबा नातवाबरोबर फ्लॅट बघायला आले होते. नातू क्लब हाउसचं विचारत होता आणि आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘पानशेतच्या वेळी इथवर पाणी आलं होतं का हो?’ पानशेत धरण फुटलं ती १२ जुलै १९६१ ची तारीख ज्यांनी अनुभवली आहे त्यांना पूररेषा समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा असते, ती साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. नदीजवळ घर घेताना इमारत त्यांच्या कुठल्या बाजूला आहे, ते मंजूर नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. दाखवता दाखवता बिल्डरचा माणूस दुसराच विषय काढू लागला, तर त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घ्या.

कुणी म्हणेल, ही बाई स्वतःच्याच पोटावर पाय का आणते आहे? त्यामागेही हिशोबच आहे. नव्या प्रकल्पात आम्हाला कमिशन बिल्डरकडून मिळतं आणि ते बुकिंगला मिळत नाही. करारनाम्याची नोंदणी झाली, बँकेचा हप्ता सुटला, की मग बिल निघतं, तेही चार फोन केल्यावर. रविवारी सहलीच्या भरात भरलेलं टोकन बुधवारपर्यंत डळमळतं. सासरे नको म्हणतात, नाहीतर ऑफिसातला कुणी मित्र टँकरची गोष्ट सांगतो. पार्टी पैसे परत मागते, बिल्डर तंगवतो आणि दोघंही मला फोन करतात. माझं पेट्रोल, माझा वेळ आणि शिव्याही मलाच. गुरुवारी संध्याकाळी वाहतुकीतून रखडत आलेला, घामेजलेला, वैतागलेला माणूस ‘तरीही घेतो’ म्हणाला, की तो व्यवहार पार पडतो. आमच्यात जुने लोक त्याला पक्की पार्टी म्हणतात.

म्हणून माझं सांगणं असं. सहल करा, जरूर करा, पण घर बघायला परत या, कामाच्या दिवशी. ऑफिस जिथे असेल तिथून ऑफिस सुटण्याच्या वेळी निघा. जमलं तर एकदा बसने या. पहिल्या वीस मिनिटांत वॉचमनशी बोला, त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि तो टक्केवारी मागत नाही. रिसेलचा फ्लॅट असेल तर सोसायटीचं मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल मागून घ्या, टँकरचा खर्च त्यात लपत नाही. नवीन असेल तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय होणार ते विचारा. बाल्कनीतून दिसणारा गड हा पुष्कळदा त्या प्लॉटच्या मालकाच्या मर्जीवर असतो. आणि घरातल्या आजींना बरोबर आणा. त्या नळ सोडून बघतात, लिफ्ट बंद पडली तर काय ते विचारतात, वाण्याचं दुकान चालत जाण्याएवढं आहे का ते स्वतः चालून बघतात. माझ्या अनुभवात ज्या घराला आजींनी मान डोलावली त्याचं बुकिंग सहसा रद्द होत नाही.

सहलीतल्या आणखी एका खरेदीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. डोणजे, पानशेतच्या वाटेवर रविवारी छत्री लावून बसलेली मुलं गुंठ्यातले प्लॉट विकतात. एक गुंठा, दोन गुंठे, वीकेंड होम. नाव सातबाऱ्यावर लागेल असं सांगतात, पण किती जणांबरोबर, ते सांगत नाहीत. सामाईक सातबाऱ्यावर दहा-पंधरा अनोळखी माणसांच्या रांगेत आपलं नाव लागलं, की पुढे कुंपण कुठे घालायचं यावरून जन्मभराची भांडणं. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का, मंजूर लेआउट आहे का, रस्ता कागदावर आहे का, एवढं वकिलाकडून बघून घेतल्याशिवाय पाच हजारांचं टोकनही देऊ नका. मी ते प्लॉट करत नाही. करणारे माझ्याकडे रागाने बघतात.

आम्हाला रविवार मिळत नाही, हे ओघाने आलंच. आमची सुट्टी पितृपंधरवड्यात. ते पंधरा दिवस कुणी टोकन देत नाही, घर बघायलासुद्धा येत नाही. मग आम्ही इकडचे सात-आठ एजंट एखाद्या वारी सकाळी आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढतो. पाऊस ओसरत आलेला असतो, गर्दी नसते, कडेच्या गवतात रानफुलं असतात. एकमेकांच्या पार्ट्या पळवणारी माणसं एकाच घोंगडीवर बसून भाकरी खातात. धंद्याचं बोलायचं नाही असं दरवर्षी ठरतं आणि ते पुणे दरवाजापर्यंतही टिकत नाही. गेल्या वर्षी तर आमच्यातल्या एकाने भाकरी वाढणाऱ्या मावशींना विचारलंच, खाली गावात जागा आहे का द्यायची? मावशी म्हणाल्या, ‘आहे की. पण तुमच्यासारख्यांना न्हाई.’

आता विनंती आपल्याला. आपली शनिवारची मालमत्ता पुरवणी मी कात्रणं काढून ठेवण्याइतकी मन लावून वाचते. तिच्यातल्या जाहिरातींत आता महारेरा क्रमांक असतो, क्यूआर कोड असतो. कायद्याने सक्ती केली म्हणून असतो. त्याच्याच शेजारी एक ओळ आपण आपल्या अधिकारात मागू शकाल का, की या इमारतीला आज पाणी कुठून येतं? महापालिकेचा नळ, बोअर की टँकर, एवढंच. आणि पुरवणीच्या लेखांतली छायाचित्रं कधीतरी कामाच्या दिवशी सकाळी नऊला काढलेली असावीत. जाहिरातदार नाराज होतील याची मला कल्पना आहे. माझ्यावरही दोन बिल्डर याच कारणाने नाराज आहेत. त्यांच्यातल्या एकाकडचं बिल अजून यायचं आहे, म्हणून खाली नाव घालत नाही, तेवढं समजून घ्यावं.

आपली,
एक वाचक आणि इस्टेट एजंट,
धायरी, पुणे